टीम प्रोजेक्टमधून उद्योजकता: विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि कारखानदार वारंवार विचारतात ते प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मेकॅनिकल शिकवते आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे टीम प्रोजेक्ट बघते. दरवर्षी जुलैत तेच प्रश्न येतात. काही स्टाफरूमच्या दारात, काही फोनवर, काही पालक सभेत. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

नेहमीच्या मिनी प्रोजेक्टपेक्षा यात वेगळं काय?

नेहमीच्या प्रोजेक्टला गिऱ्हाईक नसतं. गाईड विषय मंजूर करतात, मुलं मॉडेल करतात, व्हायवा होतो, रिपोर्टला काळं बाइंडिंग होतं आणि मॉडेल वर्कशॉपच्या माळ्यावर जातं. त्यात इंजिनिअरिंग शिकायला मिळतं, नाही असं नाही. पण हे यंत्र कोणाला हवंय, तो त्याचे किती पैसे देईल, आणि नको म्हणाला तर का, हे प्रश्न कुणीच विचारत नाही.

आमच्या प्रोजेक्टची एकच अट आहे. ज्याची अडचण आहे असा एक खरा माणूस टीमकडे हवा. त्याला नाव-गाव असावं, कॉलेजपासून दुचाकीनं किंवा एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर तो असावा, आणि वर्षभरात किमान सहा वेळा टीमनं त्याला भेटावं. बाकी सगळं, म्हणजे मशीन, सेन्सर, कोड, रिपोर्ट, या अटीच्या मागून येतं.

उद्योजकता शिकवता येते का? ती रक्तातच असावी लागते ना?

हा प्रश्न सांगलीत विचारला जावा याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक बघा. सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात आपली माणसं देशभर पसरली आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी आधी कोरडवाहू शेती होती. गावातलं पोरगं ओळखीच्या माणसाच्या दुकानात कामाला जातं. भट्टी शिकतं, माल ओळखायला शिकतं, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे शिकतं. काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी मांडतं. ही शाळाच आहे, फक्त तिला इमारत नाही.

आणि किर्लोस्करवाडी तर आपल्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. म्हणजे पेशानं आमच्यासारखेच शिक्षक. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापण्याचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला तरी खपेना, कारण लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा अडचण नांगराच्या फाळात नव्हती, ती माणसाच्या मनात होती. ती दूर करायला बांधावर जाऊन नांगर चालवून दाखवावा लागतो, ड्रॉइंग कितीही सुबक असलं तरी तिथे उपयोगाचं नाही. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती हे सगळं पचवून.

याच नांगरांची विक्री करत गावोगाव फिरलेला एक माणूस पुढे आपल्या सगळ्यांना माहीत झाला. कर्मवीर भाऊराव पाटील. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल, किर्लोस्करांचे नांगर, साताऱ्याच्या कूपरांचं काम, असं सगळं त्यांनी केलं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. ‘कमवा आणि शिका’ हा विचार त्यांनी रुजवला. त्या विचारामागे विक्रेता म्हणून केलेली पायपीट आहे, असं मी मानते. खेड्यातल्या माणसाशी बोलायचं कसं, हे त्या फिरतीत कळतं.

तेव्हा हो, शिकवता येते. मात्र फळ्यावर नाही.

विषय कुठून आणायचा? इंटरनेटवरची यादी चालेल?

चालणार नाही. त्या यादीत स्मार्ट डस्टबिन, अंधांसाठी काठी आणि ऑटोमॅटिक पाणी देणारी कुंडी असते. कल्पना वाईट नाहीत, पण त्या कुंडीचा मालक कोण हे त्या मुलांना माहीत नसतं.

सारस सरस्वती या मूळ भारतीय असलेल्या, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनं २००१ मध्ये मांडलेला विचार मला इथे फार कामाचा वाटतो. मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की ही माणसं मोठं ध्येय ठरवून त्यासाठी साधनं गोळा करत बसत नाहीत. ती आधी हातात काय आहे ते बघतात. मी कोण आहे, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो. आणि फायदा किती होईल याच्या आधी, किती बुडालं तर मला परवडेल, याचा हिशेब करतात.

म्हणून पहिल्या तासाला मी मुलांना कोऱ्या कागदावर घरचे, नात्यातले, शेजारचे कोण काय करतात ते लिहायला सांगते. सुरुवातीला मुलं संकोचतात. ‘मॅडम, वडील हमाल आहेत’ हे लिहायला एका मुलाचा हात अडखळला होता. मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या माणसाइतकं हळदीच्या वाहतुकीबद्दल आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी त्याची टीम सगळ्यांत आधी कामाला लागली.

एका वर्गाच्या कागदांतून काय निघत नाही! तासगाव, कवठे महांकाळकडची बेदाण्याची शेड, विट्यातले यंत्रमाग, मिरजेतली सतारमेकर गल्ली, कुपवाड एमआयडीसीतलं जॉबवर्क, आईचा बचत गट, मामाचा गोठा, आत्याची पिठाची गिरणी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गोष्टी ज्यांच्या घराच्या अंगणात आहेत, त्यांनी विषय परमुलखातून का आणायचा?

त्या माणसाला भेटल्यावर विचारायचं काय?

हा भाग सगळ्यांत अवघड आहे, म्हणून सविस्तर सांगते.

‘आम्ही असं यंत्र केलं तर तुम्ही घ्याल का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. आपल्या भागात दारात आलेल्या विद्यार्थ्याला कुणी नाही म्हणत नाही. चहा मिळतो, ‘लई भारी हाय, करा’ असं म्हणतात, आणि मुलं खूश होऊन परत येतात. कौतुक हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे त्यानं दिलेला वेळ, ‘त्या अमक्यालाही भेटा’ म्हणून लावून दिलेला फोन, आणि सगळ्यांत पक्का म्हणजे हातावर टेकवलेला इसार, मग तो शंभर रुपयांचा का असेना.

विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. मागच्या हंगामात काय झालं? त्या दिवशी तुम्ही काय केलंत? किती माणसं लागली? किती माल गेला? त्याच्या आधी कुठला उपाय करून बघितलात, आणि तो का सोडलात? माणूस भविष्याबद्दल भलं बोलतो, पण झालेल्या नुकसानीबद्दल खरं बोलतो.

बेदाण्याच्या शेडचं उदाहरण देते. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर टाकतात आणि साधारण बारा-पंधरा दिवस वाळवतात. त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला किंवा हवेत दमटपणा वाढला की रंग बिघडतो आणि सौद्यात भाव पडतो. आमच्या एका टीमनं हे ऐकलं आणि लगेच आर्द्रता मोजून मोबाईलवर इशारा देणारं यंत्र केलं. काम नीटनेटकं होतं. शेडचे मालक शांतपणे म्हणाले, ‘बाळांनो, पाऊस येणार हे मला ढग बघून कळतंय. रात्री दोन वाजता चारी बाजूंचे प्लॅस्टिकचे कागद सोडायला माणूस कुठनं आणू?’

टीमचे दोन महिने गेले होते. पण त्या एका वाक्यानं प्रोजेक्टचं तोंड फिरलं. त्यांनी प्लॅस्टिक कागद पाइपवर गुंडाळून एका बाजूनं हँडल फिरवून सोडता येईल अशी रचना केली. एकटा माणूस, कंदिलाच्या उजेडातही, एक बाजू काही मिनिटांत बंद करू शकेल अशी. त्यात सेन्सर नाही, मोबाईल नाही. परीक्षकांनी विचारलं की यात इंजिनिअरिंग काय? मी म्हणाले, त्या पाइपला मध्ये झोल येऊ नये म्हणून केलेला हिशेब बघा, आणि मग मालकांना फोन करा.

‘पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं’ असं त्या मुलांनी नंतर डायरीत लिहिलं. ते वाक्य मी दरवर्षी नव्या मुलांना वाचून दाखवते.

फक्त ॲप केलं तर चालेल का?

चालेल, जर अडचण माहितीची असेल तर. २०१९ च्या महापुरानंतर एका टीमला सांगलीतल्या कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी दाखवणारं ॲप करायचं होतं. गणपती पेठेतल्या दुकानदारांनी सांगितलं, की पातळी तर दर तासाला व्हॉट्सॲपवर येते. ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीत लहान पोरालाही पाठ आहे. त्यांचा प्रश्न होता तो तळमजल्यावरचा माल वर चढवायचा कसा आणि आधी कोणता. टीमनं ॲप सोडलं आणि घडी घालता येणारं, माल एकावर एक रचायचं रॅक केलं.

टीम किती जणांची असावी? मित्र-मित्र मिळून केली तर?

चार. फार तर पाच. यामागे अनुभव आहे आणि जुना प्रयोगही आहे. मॅक्स रिंगेलमान हा फ्रान्समधला शेतीअवजारांचा इंजिनिअर. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. जितकी माणसं वाढली तितका एकूण जोर वाढला, पण दर माणशी जोर कमी होत गेला. गावच्या जत्रेत रस्सीखेच बघितलेल्या कुणालाही हे पटेल. आठ जणांच्या टीममध्ये तिघे नुसते दोराला हात लावून उभे असतात.

मित्र-मित्रांची टीम मी मोडत नाही, पण पूर्ण एका ब्रँचची होऊ देत नाही. एक मेकॅनिकल, एक इलेक्ट्रॉनिक्स, एक कॉम्प्युटर, आणि जमलं तर एक सिव्हिल. आणि एक तरी जण असा हवा ज्याला अनोळखी माणसाशी बोलायला लाज वाटत नाही. हा गुण मार्कशीटवर दिसत नाही, तो शोधावा लागतो.

पहिल्या आठवड्यात टीमनं एका पानाचा करार हातानं लिहायचा. कोण किती वेळ देणार, खर्च कसा वाटणार, यंत्र विकलं गेलं तर पैसे कसे वाटणार, कुणी मध्येच सोडलं तर काय. ‘मॅडम, आमच्यात असं काही होणार नाही’ असं सगळेच म्हणतात. भागीदारीतले धंदे कशावरून मोडले हे एखाद्या वयस्क व्यापाऱ्याला विचारून या, असं मी त्यांना सांगते. बहुतेक वेळा न लिहिलेल्या गोष्टीवरूनच मोडलेले असतात.

आमच्या टीममधला एक जण काहीच करत नाही. तक्रार कुठे करायची?

माझ्याकडे नंतर या, आधी त्याच्याकडे जा. समोर बसवून, आरोप न करता, काय चाललंय ते विचारा. एकदा अशा मुलाची चौकशी केली तेव्हा कळलं, की तो संध्याकाळी सहा ते अकरा घरच्या टपरीवर बसतो आणि टीमच्या सगळ्या बैठका संध्याकाळी सातला ठेवलेल्या होत्या. बैठक सकाळी आली आणि मुलगा कामाला लागला.

तरीही कुणी टाळत असेल तर त्यासाठी सहामाहीत दोनदा परस्पर मूल्यमापन असतं. प्रत्येकानं बाकीच्यांच्या कामाबद्दल मला बंद पाकिटात लिहून द्यायचं, नुसता आकडा नाही, निदान एक घडलेला प्रसंग. त्यावरून वैयक्तिक गुण वर-खाली होतात.

मुलींनी मार्केट यार्डात, फाउंड्रीत, मळ्यात जायचं? पालक तयार होत नाहीत.

जायचं. मी स्वतः पहिल्या भेटीला बरोबर जाते आणि पालकांना आधी फोन करते: कुठे, कुणाकडे, किती वाजता परत. भेटी दिवसा, किमान दोघांनी मिळून. एवढं सांगितलं की बहुतेक घरं तयार होतात.

मला जास्त सलते ती दुसरी गोष्ट. टीममध्ये मुलगी असली की रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन आपोआप तिच्याकडे जातं, ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून. वेल्डिंग, खरेदी, घासाघीस मुलांकडे. मग चार वर्षांनी म्हणायचं की मुली धंद्यात उतरत नाहीत! त्यामुळे आमच्याकडे कामं फिरतात. दर तीन आठवड्यांनी खरेदी करणारा, जोडणी करणारा, हिशेब ठेवणारा आणि लिहिणारा बदलतो. एका मुलीनं स्क्रॅपवाल्याकडून गिअरबॉक्स आणताना सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात सौदा केला होता. तिच्या आईकडून शिकली होती, आई आठवडी बाजारात भाजी विकायची.

परीक्षा आणि हंगाम यांचं गणित कसं बसवायचं?

हे गणित सहज बसत नाही, आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपल्याकडची कामं शेताच्या पंचांगावर चालतात. ऊस गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च. हळद लागणीनंतर आठ-नऊ महिन्यांनी काढतात, म्हणजे जानेवारीपासून पुढे काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल. सहामाही मात्र जुलै ते नोव्हेंबर आणि डिसेंबर-जानेवारी ते मे. प्रोजेक्ट एकाच सहामाहीचा असला तर दोन्हीकडून फसगत होते. पावसाळ्यात केलेलं हळदीचं यंत्र कशावर चालवून बघणार? आणि फेब्रुवारीत सुरुवात केली तर ऐन सुगीत तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ आहे?

म्हणून आम्ही प्रोजेक्ट वर्षभराचा केला. जुलै-ऑगस्ट फक्त भेटी. या दिवसांत शेडवाला, गुऱ्हाळवाला, भट्टीवाला निवांत असतो आणि मागच्या हंगामाच्या गोष्टी मोकळेपणानं सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबर पुठ्ठा, बांबू, भंगारातलं सामान वापरून कच्चं मॉडेल. दिवाळीच्या सुट्टीत ते मॉडेल घेऊन परत त्याच माणसाकडे. डिसेंबर-जानेवारीत खरं यंत्र, आणि हंगामात ते जागेवर चालवायचं.

हळदीचं एक उदाहरण देते, म्हणजे हे का लागतं ते कळेल. ओल्या हळकुंडाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच वाळलेली हळद हाती येते. एका टीमनं पॉलिशचा ड्रम ओल्या वजनावर धरून डिझाइन केला होता. दिवाळीतच भट्टीवाल्या काकांनी चूक दाखवली. ती जर एप्रिलमध्ये कळली असती तर लोखंड कापून झालं असतं.

किंमत कशी ठरवायची?

मुलं इथे हमखास चुकतात. समजा वर सांगितलेल्या कागद गुंडाळायच्या रचनेला एका बाजूचं सामान आणि वेल्डिंग मिळून १,९०० रुपये लागले. मुलं २,२०० सांगतात आणि तीनशे सुटले म्हणून खूश होतात.

आता मी विचारते: बसवायला दोघांचा एक दिवस गेला, त्याची मजुरी? पाचशेनं धरली तरी हजार. दोन फेऱ्यांचं पेट्रोल तीनशे. दहातलं एखादं नादुरुस्त होऊन परत येईल, त्यासाठी प्रत्येकामागे दोनशे बाजूला. झाले ३,४००. म्हणजे २,२०० ला विकलं तर दर नगामागे १,२०० रुपये खिशातून गेले. जितकं जास्त विकाल तितकं जास्त बुडाल.

स्वतःची मजुरी न धरणं ही चूक मुलं घरून घेऊन येतात. आपला शेतकरी घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरत नाही आणि मग हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पोरांनी हे कॉलेजात शिकून घरी जाऊन वडिलांच्या वहीत ती ओळ वाढवली, तरी माझं काम झालं असं मी समजेन.

आणि खर्चावरून निघते ती फक्त खालची हद्द. वरची हद्द समोरच्याच्या नुकसानीवरून निघते. एका रात्रीच्या पावसात त्याचा किती माल काळा पडतो, हा आकडा ज्यानं विचारून आणलाय त्यालाच किंमत सांगायचं धाडस होतं.

पैसे कुठून आणायचे?

टीममागे पाच हजारांची मर्यादा आहे. मुद्दाम कमी ठेवलीय. भंगार बाजार, वर्कशॉपमधलं जुनं सामान, एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवर मोकळ्या वेळेत काम, यातून भागतं. जास्त पैसे मिळाले की मुलं महागडा मोटर-ड्रायव्हर आणतात आणि भेटी कमी करतात, हे मी बघितलंय.

शिक्षण संपल्यावर खरोखर धंदा करायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या योजनांची माहिती तिथे मिळते.

पेटंट घ्यावं का?

घाई नको, पण क्रम लक्षात ठेवा: आधी अर्ज, मग प्रदर्शन. कल्पना स्पर्धेत मांडली, व्हिडिओ टाकला, पेपरात छापून आली, की तिचं नावीन्य गेलं असं धरलं जाऊ शकतं आणि पेटंट हातचं जातं. तात्पुरता अर्ज करून ठेवला तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात मोठी सवलत आहे, तेव्हा अर्ज कॉलेजमार्फत करायचा की स्वतः, आणि हक्क कुणाचा, हे टीमच्या त्या एका पानाच्या करारातच लिहा.

खरं सांगायचं तर वर्षातल्या बहुतेक प्रोजेक्टना पेटंटची गरज नसते. त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाची गरज असते.

कंपनी नोंदवायची का?

पैसे देणारं दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत नाही. नंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणारा दलाल भेटला तर वळसा घालून पुढे जा. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) वगैरे सीएशी बोलून, गरज पडेल तेव्हा.

प्रोजेक्ट फसला तर मार्क जाणार का?

नाही. शंभरपैकी ३० गुण भेटींच्या डायरीला, २० हिशेबाला, २० चालत्या यंत्राला, १५ टीममधल्या कामाला आणि १५ शेवटच्या मांडणीला. म्हणजे यंत्र अजिबात चाललं नाही तरी ८० गुण शिल्लक राहतात.

मिरजेत एका टीमनं तानपुरा पाठवायची पेटी केली होती. वाहतुकीत भोपळा तडकतो ही कारागिरांची खरी अडचण. पेटी इतकी मजबूत झाली की वजनामुळे पाठवण्याचा खर्च दुप्पट झाला आणि कारागिरांनी ती नाकारली. मुलं उदास होती. पण त्यांच्या डायरीत प्रत्येक चाचणी होती, कुठल्या उंचीवरून टाकली, आत भोपळ्याऐवजी काय ठेवलं, किती वजन, किती भाडं. पुढच्या वर्षीच्या टीमला ती डायरी मिळाली आणि त्यांनी पुठ्ठ्याच्या जाळीपासून सुरुवात केली. पहिल्या टीमला वर्गात सर्वाधिक गुण होते.

डायरी हातानं, त्याच दिवशी लिहायची. कोडसाठी, इंग्रजी रिपोर्टसाठी एआयची मदत घ्या, हरकत नाही. पण काका काय म्हणाले ते काकांकडे गेल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, आणि न गेलेल्याची डायरी दोन प्रश्नांत ओळखू येते.

आम्ही शिक्षकांनी कधी धंदा केलेला नाही. आम्ही हे कसं शिकवायचं?

मीही केलेला नाही. आपलं काम पंचाचं आहे. भेटी होतात का बघायचं, डायरी वाचायची, ‘हे त्यांनी सांगितलं की तुम्हाला वाटलं?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारायचा. ज्यांना धंदा माहीत आहे त्यांना वर्गात बोलवा. पण यशोगाथा सांगायला नको. जुनी वही घेऊन या आणि एका तोट्यातल्या ऑर्डरचा हिशेब फळ्यावर मांडा, अशी विनंती करा. एका फाउंड्रीवाल्या दादांनी असा तास घेतला, मुलं दोन तास जागची हलली नाहीत.

एक काळजी घ्या. मुलं अडली की उत्तर आपण द्यायचा मोह होतो. तसं केलं की गिऱ्हाइकाच्या जागी आपण जाऊन बसतो आणि सगळं पुन्हा नेहमीच्या प्रोजेक्टसारखं होतं.

मी छोटा कारखानदार आहे. माझा वेळ जाईल, फायदा काय?

महिन्यातून एक-दोन तास आम्ही मागतो. लगेच फायदा होईल असं वचन देत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं ‘चालतंय तसं चालू दे’ म्हणून सोडून दिलेल्या एखाद्या अडचणीकडे चार ताज्या डोळ्यांनी बघितलं जाईल एवढं नक्की. फक्त दोन गोष्टी सांभाळा: पोरांना फुकटचे हेल्पर समजू नका, आणि वाईट वाटेल म्हणून खोटं कौतुक करू नका. ‘नको’ म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा आणि कारण सांगा.

मुलानं नोकरी करावी म्हणून शिकवतोय. हे धंद्याचं खूळ कशाला?

पालकांचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून शिकवणारी घरं मला माहीत आहेत. या प्रोजेक्टमधून बाहेर पडणारी बहुतेक मुलं नोकरीच करतात आणि ते अगदी योग्य आहे. पण मुलाखतीत ‘अडचण आली तेव्हा काय केलंत?’ असं विचारल्यावर त्यांच्याकडे सांगायला खरी गोष्ट असते. कामावर गेल्यावर कोटेशन वाचता येतं, सप्लायरशी बोलता येतं, आपण केलेल्या चुकीचा खर्च कुणावर पडतो ते कळतं. आणि दहा वर्षांनी गावाकडे काही करावंसं वाटलं, तर सुरुवात कुठून करायची ते माहीत असतं.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

वही, पेन आणि मोजपट्टी. लॅपटॉप नको, कॉलेजचं छापील पत्र खिशात असू द्या पण मागितल्याशिवाय काढू नका. आधी फोन करून त्यांच्या सोयीची वेळ विचारा. सौद्याच्या वेळी अडत्याकडे आणि दूध काढायच्या वेळी गोठ्यावर जायचं नाही. गेल्यावर आधी काम बघा, जमलं तर हात लावा. पोती लावताना, जाळी ताणताना माणसं आपोआप बोलायला लागतात. फोटो काढण्याआधी विचारा. निघताना पुढच्या भेटीची तारीख ठरवा, आणि रात्री झोपण्याआधी डायरी लिहा.